मुंबईतच दोन रात्री मुक्काम: वेडेपणा की शहाणपणा?

विंडोसीट
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

आम्ही डोंबिवलीकर. गेली एकोणीस वर्षं मी सकाळची ७.४८ पकडते, सीएसएमटीला उतरते, सबवेत शिरते, फोर्टातल्या ऑफिसात जाते आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. गेल्या महिन्यात बंगळूरच्या ऑफिसातून एक मुलगी आली होती. तिने विचारलं, "स्टेशनच्या घुमटावर ती बाई कोण आहे?" मी म्हटलं, कुठली बाई? खरंच सांगते, एकोणीस वर्षांत मान वर करून बघितलंच नव्हतं. रात्री घरी येऊन हे सांगितलं तर लेक (वय १३) पोट धरधरून हसली.

तर यंदा गोव्याचं रद्द करून शुक्रवार ते रविवार मुंबईतच राहायचं असं डोक्यात आलंय. फोर्ट, कुलाबा किंवा गिरगाव भागात खोली घ्यायची, सकाळ-संध्याकाळ हिंडायचं, खायचं. नवरोबांचं म्हणणं, "झोपायला आपलं घर असताना पन्नास किलोमीटरवर खोली कशाला? रोज सकाळी जाऊ, रात्री परत येऊ." बरोबर सासूबाई आहेत, वय ७४, गुडघे कुरकुरतात. त्यांचं माहेर गिरगावातलं, पण लग्न होऊन डोंबिवलीला आल्यापासून तिकडे जाणं फक्त लग्नकार्यापुरतं.

मुक्काम करावा की रोज ये-जा? काय बघावं, कुठे खावं? फार पायऱ्या नकोत.

चहाटळ
मुक्काम कराच. घरून गेलात तर सकाळी कुकर, मग मशीन, मग "एवढं सिलेंडरवाल्याचं बघून निघू", आणि साडेअकराच्या स्लोने दीडला पोचाल. भूक लागलेली, ऊन डोक्यावर. अनुभवाचे बोल.

पक्कड
शीर्षक बघून धावत आलो. खोली बुक करायच्या आधी एक गोष्ट नीट तपासा: लोकल आयडी चालतो का.

आम्ही बोरिवलीचे. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला हौसेने दक्षिण मुंबईत एका हॉटेलात खोली घेतली. पैसे ऑनलाइन भरलेले. रात्री नऊला दोन पोरं, एक बॅग आणि केकचा डबा घेऊन काउंटरवर उभे राहिलो. आधार कार्ड बघितलं आणि काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सर, लोकल आयडी नॉट अलाउड." मी म्हटलं, अरे ही माझी बायको, ही माझी पोरं. तो म्हणाला, "सर, पॉलिसी." धाकट्याने तोवर सोफ्यावर ताणून दिलेली. शेवटी तोच केक चर्चगेट-बोरिवली फास्टमध्ये मांडीवर घेऊन परत आलो. उतरेपर्यंत त्यावरची नावं एकमेकांत मिसळली होती, तेवढंच काय ते रोमँटिक.

तिसरा_डबा
@पक्कड, हहपुवा (हसून हसून पुरेवाट), पण वाईटही वाटलं. असा काही कायदा नाहीये. पाहुण्यांची नोंद ठेवणं आणि ओळखपत्र घेणं हॉटेलला बंधनकारक असतं, स्थानिक माणसाला खोली देऊ नये असं कुणी सांगितलेलं नाही. कटकट नको म्हणून हॉटेलंच ठरवतात. बुकिंगच्या पानावर अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथे दिसलं नाही तर फोन करून विचारायचं, आणि विचारल्याचा मेसेज मागून घ्यायचा. तोंडी "हो हो, या" वर जाऊ नका.

विंडोसीट
बापरे, हे डोक्यातच नव्हतं. आत्ताच दोन ठिकाणी फोन केला. पहिल्याने मुंबईचं आधार चालणार नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, डोंबिवलीचं आहे. तर म्हणतो, "मॅडम, डोंबिवली ठाणे जिल्हा ना? चालेल, तुम्ही बाहेरगावचे."

माळ्यावरची
डोंबिवलीकरांना डोंबिवलीचा झालेला पहिला फायदा. तारीख लिहून ठेवा.

पुणेकर_नाइलाजाने
आपल्याच गावात पैसे मोजून झोपायचं हे आमच्या पचनी पडणार नाही. एवढ्यासाठी तर नातेवाईक असतात.

दुपारचीझोप
नातेवाइकांकडे राहिलं की सकाळी साडेसातला पोहे समोर येतात आणि बाहेर काही खायची सोय उरत नाही. नको.

मी एकदा मरीन ड्राइव्हजवळ राहिले होते. सूर्योदय बघायला पहाटे कट्ट्यावर जाऊन बसा, अप्रतिम.

गिरगावकर_जुना
@दुपारचीझोप, समुद्र पश्चिमेला आहे हो. मरीन ड्राइव्हवर सूर्योदय बघायचा तर समुद्राकडे पाठ करून बिल्डिंगींकडे बघावं लागेल. सूर्योदय गेटवेला. तिथे बंदर पूर्वेला आहे, होड्यांच्या मागून सूर्य वर येतो. संध्याकाळ मरीन ड्राइव्हची.

आता धागाकर्तीला. मी गिरगावात जन्मलो, वाढलो, आता कांदिवलीला असतो (सगळ्यांचीच गोष्ट). माझा सल्ला: शनिवार-रविवार फोर्टात राहताय हे ध्यानात ठेवा. फोर्ट हा ऑफिसांचा भाग. रविवारी रस्ते इतके मोकळे की पोरं क्रिकेट खेळतात, इमारती बघायला त्यासारखा दिवस नाही. पण ऑफिसं बंद म्हणजे खाऊगल्ल्याही बंद, आणि कितीतरी जुनी हॉटेलंही. म्हणून फोर्टातलं खाणं शुक्रवारी उरका, रविवारी नुसतं बघा. रविवारचं जेवण गिरगावात किंवा दादरला. लोक हे नेमकं उलटं करतात आणि मग बंद शटरांसमोर फोटो काढतात.

बघायचं म्हणाल तर आधी तुमचं ते स्टेशनच. घुमटावरची बाई म्हणजे 'प्रगती'. उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी चाक. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, काम १८७८ ला सुरू, १८८८ ला पुरं. समोरची महापालिकेची इमारत (१८९३) त्याचीच आणि चर्चगेटसमोरचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालय (१८९९) पण त्याचंच. तिन्ही एका सकाळी बघा, मग कळतं की एकच माणूस वीस वर्षांत कसा बदलत गेला. सीएसएमटीच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. भिंतीवर मोर, माकडं, घुबडं शोधायला लेकीला लावा, तास कसा गेला कळणार नाही.

तिसरा_डबा
+१. ओव्हल मैदान विसरू नका. मैदानात मधोमध उभं राहायचं. पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट, सगळं टोकदार गॉथिक. पश्चिमेला गोल गोल बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोने हे दोन्ही मिळून एकच वारसास्थळ म्हणून घेतलं. सासूबाईंना एकही पायरी चढावी लागणार नाही.

रच्याकने (म्हणजे बाय द वे), राजाबाई टॉवरची ती गोष्ट माहीत असेलच. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव दिलं. आई जैन, दिवेलागणीआधी जेवायचं, दिसायचं कमी, म्हणून घड्याळाचे टोले ऐकू यावेत अशी सोय, असं सांगतात.

कैरीचं_लोणचं
धाग्यात खाण्याचं कुणी बोलेल का? उपाशीपोटी इमारती बघून काय करायचंय?

चहाटळ
घ्या.

धोबी तलावला कयानी, १९०४ पासूनचं. बन मस्का चहात बुडवायचा, लोणी चहावर तरंगलं पाहिजे, नाहीतर तो बन मस्का नव्हे. ब्रून (कडक पाव) मागवलात तर दातांची जबाबदारी तुमची. ग्रँट रोड स्टेशनसमोर बी. मेरवान, १९१४ चं. तिथला मावा केक सकाळी लवकर संपतो. डोंबिवलीहून येऊन मिळण्याची आशा सोडा, त्यासाठी तरी मुक्काम हवाच. सीएसएमटीसमोर आरामचा वडापाव तुम्ही खाल्ला असेलच, एकोणीस वर्षं काय केलंत मग?

विंडोसीट
डबा खाल्ला हो. एकोणीस वर्षं भेंडी आणि पोळी.

कैरीचं_लोणचं
हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

गिरगावात पणशीकरांकडे पीयूष, विनय हेल्थ होममध्ये मिसळ. दादरला जमलं तर प्रकाशचा साबुदाणा वडा. गर्दी असते, टेबलाच्या डोक्यावर उभं राहून समोरच्याच्या ताटाकडे बघत बसावं लागतं, लाजायचं नाही. क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहचा फालुदा.

माळ्यावरची
पीयूष आवडणारी माणसं मला कधीच कळली नाहीत. श्रीखंड पातळ झालं की फेकायच्या ऐवजी प्यायला दिलं.

गिरगावकर_जुना
@माळ्यावरची, आपली मैत्री इथे संपली.

माळ्यावरची
कधी सुरू झाली होती?

पक्कड
घारापुरी कुणी सुचवली नाही अजून. गेटवेवरून लाँचने तासभर. सोमवारी लेणी बंद असतात, तुम्ही शनिवारी जाताय तर प्रश्न नाही.

दुपारचीझोप
आणि पायऱ्या? तिने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. धक्क्यापासून वर लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं. खुर्चीत बसवून वर नेणारी माणसं असतात, पण कितीतरी म्हाताऱ्या माणसांना चार लोकांच्या खांद्यावर जायला संकोच वाटतो. माझ्या आईने सरळ सांगितलं होतं, "चौघांच्या खांद्यावर एकदाच जायचं असतं, घाई काय आहे?"

तिसरा_डबा
आई भारीच!

घारापुरी जमली नाही तर राणीच्या बागेत (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय) जा, तिथे घारापुरीचा हत्ती आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं तोच. इंग्लंडला न्यायला उचलत होते तेव्हा तुटला, मग तुकडे जोडून भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी उभा केला. काळा घोडाचंही तसंच. ज्या घोड्यावरून नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळाही राणीच्या बागेत. आता काळा घोडा चौकात दिसतो तो २०१७ साली बसवलेला, स्वाराशिवायचा.

चहाटळ
म्हणजे मुंबईत एखादी गोष्ट नावाच्या जागी सापडली नाही तर राणीच्या बागेत बघायची.

गिरगावकर_जुना
पेंग्विनांसकट.

पुणेकर_नाइलाजाने
हे सगळं एका दिवसात लोकलने जाऊन-येऊन होतं. मुक्कामाचं समर्थन अजून कुणी नीट केलेलं नाही. मावा केकसाठी हजारो रुपये?

माळ्यावरची
@पुणेकर, मी करते.

मी सहा वर्षं फोर्टात नोकरी केली. एकदा मुंबई तुंबली आणि ऑफिसने शेजारच्याच एका लॉजमध्ये आम्हा चौघींची सोय केली. रात्री साडेदहाला पाऊस थांबल्यावर सहज खाली उतरले. एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर दोनचार माणसं बसलेली, हॉर्निमन सर्कलच्या झाडांतून पाणी ठिबकतंय, आणि एकही माणूस धावत नाहीये. ज्या रस्त्यावर मी रोज लोकांचे कोपर चुकवत चालत होते तो रस्ता एवढा रुंद आहे हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा खाली गेले तर पेपरांचे गठ्ठे सुटत होते आणि एक म्हातारा पारशी माणूस कुत्र्याला घेऊन फिरत होता. तिथे माणसं राहतात हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं. लोकलने येणाऱ्याला शहर नऊ ते सहाच भेटतं. शेवटच्या गाडीचं घड्याळ डोक्यात टिकटिकत असलं की पायरीवर बूड टेकवत नाही.

पुणेकर_नाइलाजाने
बरं. हे मान्य. पुढचं काही मान्य नाही.

कैरीचं_लोणचं
अवांतर: एशियाटिकच्या पायऱ्या तीस आहेत. इमारत १८३३ ची. दुर्गाबाई भागवत तिथे ग्रंथालयात वाचत बसायच्या, आणि आपण फक्त फोटोला बसतो.

विंडोसीट
वाखुसा (वाचनखूण साठवली)! खोली बुक केली, आयडीचं मेसेजवर लिहून घेतलं (पक्कड, तुमच्या केकला स्मरून). खोलीचे पैसे आणि गोव्याच्या तिकिटांचे पैसे शेजारी शेजारी मांडल्यावर नवरोबा गप्प झाले. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मला काय दाखवणार मुंबई?" पण दुसऱ्या दिवशी चपला शिवून आणल्या. आल्यावर लिहिते.

(तीन आठवड्यांनी)

चहाटळ
धागा वर काढतोय. विंडोसीट बाई, वृत्तांत?

विंडोसीट
उशीर झाला, माफी. लिहितेच.

शुक्रवारी दुपारी पोचलो. खोली लहान, खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. नवरोबांनी लगेच "हा बघा सी व्ह्यू" केलं. संध्याकाळी ओव्हल, मग कयानी. लेकीने ब्रून मागवला आणि दात लागेना म्हणून आजीकडे सरकवला. आजीने तो चहात बुडवला, मनात आकडे मोजले असावेत, बरोबर वेळेला काढला आणि खाल्ला. कवळीने! आम्ही तिघं बघत बसलो.

शनिवारी गेटवेला सूर्योदय, मग मावा केक (मिळाला, शेवटचे सहा, त्यातले चार आम्ही घेतले, मागच्या माणसाची नजर अजून आठवते). घारापुरी सोडली. दुपारी राणीच्या बागेत हत्ती बघितला. जोडलेल्या भेगा जवळून दिसतात, पाठीवर आणि पायांवर. त्याच्यापेक्षा पेंग्विनच्या रांगेत जास्त वेळ गेला, ते जाऊ दे.

एक चूक झाली. गिरगावकरांनी सांगूनही रविवारी सकाळी फोर्टात नाश्ता शोधत बसलो. अर्धा तास चालून तीन शटरं बंद. सासूबाई एका कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता मी सांगते तिकडे चला." मेट्रोने गिरगाव स्थानक. सरकत्या जिन्याला घाबरतील असं वाटलं होतं, पण लिफ्ट विचारून त्या आमच्या आधी वर पोचलेल्या.

पुढचे तीन तास आम्ही त्यांच्या मागे. त्यांना खोताची वाडी दाखवायची ठरवली होती, त्यांनी ती आम्हालाच दाखवली, आणि लाकडी जिने, व्हरांडे बघत असताना म्हणाल्या, "ह्या बाजूला आम्हाला यायची बंदी होती, कारण इथले कुत्रे." केशवजी नाईक चाळीपाशी थांबल्या. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती तिथला, १८९३ चा, हे मी फोनवर वाचून दाखवत होते. त्यांचं लक्ष दुसरीकडेच. "इथला नळ कुठे गेला?" म्हणून विचारत राहिल्या. त्यांची स्वतःची चाळ राहिली नाहीये. जागेवर टॉवर उभा आहे, वॉचमनने आत सोडलं नाही. मला वाटलं आता डोळे पुसतील. त्या वॉचमनला म्हणाल्या, "पाणी चोवीस तास येतं का?" तो हो म्हणाला. "मग बरं झालं," म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

मिसळ खाल्ली. त्यांच्या मते पूर्वीसारखी तिखट नाही. तरीही रस्सा दोनदा मागितला. पीयूषवर लेक आणि मी माळ्यावरचीच्या पक्षात.

गिरगावकर_जुना
नळाचं वाचलं आणि थांबलो. आमच्याकडे पहाटे चारला पाणी यायचं. नळावरची भांडणं, बादल्यांचा नंबर, त्यावरून झालेली दोन लग्नं मला माहीत आहेत. सासूबाईंना नमस्कार सांगा. पीयूषबद्दल तुम्हा दोघींना माफ करणार नाही.

माळ्यावरची
आता आम्ही तिघी आहोत. नवीन धागा काढू.

पक्कड
मी पण पुन्हा प्रयत्न करतोय. बायकोचं आधार अजून माहेरच्या पत्त्यावर, सांगलीचं आहे. या वेळी तीच पुढे उभी राहील, मी मागे बॅगा धरीन.

पुणेकर_नाइलाजाने
पुण्यात असं करायचं म्हटलं तर पेठेत खोली मिळेल का? मित्रासाठी विचारतोय.

दुपारचीझोप
नातेवाईक असतात ना त्यासाठी?

तिसरा_डबा
@विंडोसीट, सगळं सांगितलंत, पण मूळ मुद्दा राहिला. घुमटावरची बाई बघितली का?

विंडोसीट
रविवारी रात्री परत निघताना सामान, पिशव्या, सासूबाईंचा हात, आणि ९.१० ची डोंबिवली लागलेली. धावलो. राहिलीच.

सोमवारी सकाळी सबवेतून बाहेर आल्यावर आठवलं. रेलिंगला टेकून मान वर केली. उन्हामुळे आधी नुसताच काळा आकार दिसला, मग हात, मग मशाल. चाक शोधत होते तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्याला धक्का दिला, "मॅडम, बाजूला व्हा ना, ऑफिस आहे." बाजूला झाले. चाक सापडलं. डाव्या हाताशीच आहे. त्या दिवशी लेटमार्क लागला.